भिंतीवरचे हे

माझ्या नवऱ्याच्या फोटोला चंदनाचा हार घातला तेव्हा ते स्वतः माझ्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून वरणभात खात होते. हे मी कुणाला सांगितलं की माणसं आधी हसतात. त्या दिवशी मीही हसले होते. आता ते हसणं आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

मी नटी आहे. नायिका कधीच नव्हते, त्यामुळे उतरणीला लागणं, विस्मरणात जाणं असले मोठ्या लोकांचे आजार मला झाले नाहीत. तिशी उलटायच्या आत मी पडद्यावर पहिल्यांदा आई झाले. तो माझा मुलगा माझ्याहून चार वर्षांनी मोठा होता, आणि शॉट संपला की मला अगं-तुगं करायचा. त्यानंतर मी मावशी झाले, आत्या झाले, शेजारीण, हेडमास्तरीण, दोनदा न्यायाधीश आणि किती वेळा सासू ते मोजलं नाही. सिनेमात मला बहुतेक मध्यंतराच्या आधी मरावं लागे, म्हणजे नायक सूड घ्यायला मोकळा. मालिका आल्या आणि माझं मरण लांबलं. लोकांना माझं नाव माहीत नसतं, तोंड माहीत असतं. आमचा भाजीवाला दर दोन महिन्यांनी विचारतो, आंटी, आप बैंक में थे क्या? मी हो म्हणते. कोण समजावत बसणार.

आम्ही परळहून मीरा रोडला आलो ते जागेसाठी, सगळे आले तसेच. सिल्व्हर पार्कला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला तेव्हा मला वाटलं होतं, आता काम संपलं, इतक्या लांबून मला कोण बोलावणार. पण पुढे मालिकांचे सेटच या बाजूला सरकले. काशीगावच्या आत, चेण्याच्या पुढे, घोडबंदर रोडच्या कडेच्या जुन्या शेडमध्ये. आयुष्यात पहिल्यांदा मी रिक्षाने कामावर जायला लागले. हे तेव्हा रिटायर झाले होते. एका सरकारी खात्यात पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या अर्जांवर टिपणं लिहून झाली होती. अभिनयाशी त्यांचा संबंध एवढाच की माझं प्रत्येक काम त्यांनी पाहिलं होतं. स्वतः ते शाळेच्या गॅदरिंगमध्येसुद्धा कधी झाड झाले नव्हते.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. घरात मी कमी बोलते. आमच्या माहेरी नवऱ्याशी गोड बोलणाऱ्या बाईला नाटकी म्हणत. मी तर खरोखरच नाटकात गेले, त्यामुळे ते गोड बोलणं मी जन्मभर अंगाला लागू दिलं नाही. भाजी काय आणायची, गॅस कधी संपला, मुलीचा बंगळुरूहून फोन आला का, एवढ्यात आमचा संसार झाला. वाईट झाला असं नाही. पण मी त्यांना कधी काही म्हणाले नाही, हे खरं आहे.

त्या मालिकेत मी एका श्रीमंत घरातली विधवा सासू होते. बाहेरून पत्र्याची शेड, आतून झुंबरं लावलेला बंगला. माझा नवरा गोष्ट सुरू व्हायच्या आधीच वारलेला होता, म्हणजे त्याच्यासाठी नट घ्यायची गरज नव्हती, फक्त दिवाणखान्याच्या भिंतीवर फोटो. कुणातरी मॉडेलचा फोटो ठरला होता. ऐन शूटिंगच्या दिवशी त्याच्या बायकोने नकार कळवला. जिवंत माणसाला हार घालू देणार नाही म्हणाली. ती बाई शहाणी होती.

लाइट लागलेले, कॅमेरा लागलेला, आणि भिंतीवर रिकामी चौकट. दिग्दर्शक डोकं धरून बसला होता. मी म्हणाले, आमच्या ह्यांचा आहे ना एक, रिटायरमेंटला काढलेला, कोट घातलेला. मीच म्हणाले. कुणी गळ्यावर सुरी ठेवली नव्हती. मला त्या क्षणी इतकंच वाटलं होतं की शॉट अडू नये. शॉट अडू नये, हेच माझ्या डोक्यात आयुष्यभर भरलं गेलंय. तापात काम केलं, मुलीची परीक्षा सोडून काम केलं, आई गेली त्याच्या चौथ्या दिवशी काम केलं. एक फोटो म्हणजे काय मोठंसं.

फोन केल्यावर तासाभरात हे रिक्षाने हजर. इस्त्रीचा शर्ट घातलेला, फोटो प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. प्रॉडक्शनवाल्यांना त्यांची लेखी परवानगी हवी होती. त्यांनी छापील कागद पुढे केला तर ह्यांना त्याची भाषा पसंत पडली नाही. कोरा कागद मागून घेतला आणि स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं, की मी, खाली सही करणार, माझे छायाचित्र मयत व्यक्तीचे म्हणून वापरण्यास माझी कोणतीही हरकत नाही. मला वाचून दाखवलं. मग त्याची झेरॉक्स मागितली आणि घरी येऊन ती फाइलला लावली.

आमच्या धंद्यात एक रिवाज आहे. नटाने मेल्याचा शॉट दिला की तो ओके झाल्यावर त्याने डोळे उघडायचे आणि कॅमेऱ्याकडे बघून हसायचं. तेवढं हसणंही कॅमेरामन टिपून घेतो, मग पेढा वाटतात. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालावा लागला तर पॅकअपच्या आधी तो उतरवायचा. आर्ट डिपार्टमेंटचे दादा जुने होते, त्यांनी पहिला आठवडा हे नेमाने पाळलं. ह्यांना पेढाही दिला. मग ते रोजचंच झालं, आणि रोजच्या गोष्टीकडे कोण बघतं. हार चढला तो चढला. त्यावर धूळ बसू लागली तसा तो जास्त खरा दिसायला लागला, असं कॅमेरामन म्हणे.

मालिका चालली. चांगलीच चालली. आणि एकदा एका भागात काही मिनिटं कमी पडत होती म्हणून लेखिकेने मला फोटोसमोर उभं केलं आणि बोलायला लावलं. एकटीच बोलते नवऱ्याशी, मुलगा ऐकत नाही, सून चांगली आहे, तुम्ही असता तर. तो भाग लोकांनी उचलून धरला. झालं. मग आठवड्यातून दोनदा मी फोटोशी बोलायची. सणाला, वाढदिवसाला, घरात भांडण झालं की. मी वर बघायची आणि हे कोट घालून, किंचित मान वाकडी करून, खाली बघायचे. रिटायरमेंटच्या दिवशी फोटोग्राफरने त्यांना हसा म्हटलं होतं आणि ते अर्धंच हसले होते. तेच अर्धं हसू मी चार वर्षं बघत होते.

सोसायटीत काय गंमत उडाली ते सांगायलाच नको. वॉचमन ह्यांना लिफ्टमध्ये नमस्कार करायला लागला. शेजारच्या गुजराती काकींना मात्र ते बघवेना. त्या मला बाजूला घेऊन हिंदीत म्हणाल्या, की भाभी, ये अच्छा नहीं लगता, भाईसाब तो हट्टेकट्टे हैं. उत्तनहून मासे घेऊन येणारी कोळीण एकदा दारात टोपली उतरवून उभी होती आणि आतून हे पैसे घेऊन आले. ती दोन पावलं मागेच सरली. मग पदर तोंडाला लावून म्हणाली, बाई गं, यो तर जित्ता हाय. ह्यांनी त्या दिवशी तिच्याकडून एक पापलेट जास्तीचं घेतलं.

माझी नणंद परळहून मुद्दाम आली. ती कधी आवाज चढवत नाही. चहा पिऊन झाल्यावर कप खाली ठेवून म्हणाली, "वहिनी, सौभाग्य असं भिंतीला टांगतात होय?"

मी तिला आधुनिक विचारांवर एक छोटं भाषण दिलं. माझं असं आहे, कुणी दुसऱ्याने बोट ठेवलं की मला राग येतो, आणि राग आला की मी पुरोगामी होते. नणंद परळला परत गेली. त्यानंतर तिने ती मालिका पाहिली नाही.

ह्यांना मात्र त्या फोटोने नवी नोकरीच लागली होती. संध्याकाळी साडेसातला टीव्हीसमोर खुर्ची. दुसऱ्या दिवशी दुपारी तोच भाग परत. मी सेटवरून यायची ती जड साडी, केसांचा टोप आणि बारा तासांच्या उजेडाने पिळून निघालेली. डोकं बधिर. हे विचारायचे, आज काय झालं सेटवर, आणि मी म्हणायची, काही नाही. जेवण पुढे ओढायची. मधेच हे म्हणायचे, आज छान बोललीस. मी विचारायची, काय बोलले?

हे मी चेष्टेने विचारत नसे. मला खरंच आठवत नसायचं. रोजच्या मालिकेत सीनचे कागद शॉटच्या अर्धा तास आधी हातात पडतात. मेकअप होता होता पाठ करायचे, बोलायचे, ओके झालं की डोक्यातून पुसायचे, कारण पुढच्या सीनचे कागद आलेले असतात. साठीनंतर पाठांतराला जागाच तेवढी उरते. जी पोरगी ती वाक्यं लिहायची तिलाही ती दुसऱ्या दिवशी आठवत नसतील. लक्षात ठेवणारा माणूस घरी खुर्चीत बसलेला होता.

तिसऱ्या वर्षी ह्यांना खोकला सुरू झाला. आधी आम्ही तो घोडबंदर रोडच्या धुळीच्या माथी मारला. मग जिना चढताना दम लागायला लागला. डॉक्टरांनी छातीचे फोटो काढले, मशीनमधून फिरवून आणलं, आणि एक दिवस मला केबिनमध्ये बसवून सांगितलं की फुप्फुसं आतून घट्ट होत चालली आहेत, औषधाने हे लांबवता येईल, थांबवता येणार नाही. मी मान हलवली. असे सीन मी पुष्कळ केलेत. त्यात मी हातातली पिशवी खाली पाडायची. त्या दिवशी पिशवी माझ्या हातात होती आणि मी ती घट्ट धरून ठेवली होती.

बाहेर आल्यावर पहिली गोष्ट डोक्यात आली ती आजाराची नव्हे, भिंतीची. तो हार. मला माझी लाज वाटली. शिकलेली बाई मी. तरी दुसऱ्या दिवशी सेटवर गेल्या गेल्या मी वर बघितलं. तीन वर्षं जे फर्निचर होतं ते एकाएकी हे झाले. तो फोटो उतरवायचा, हे जिवंत असेपर्यंत उतरवायचा, याखेरीज मला दुसरं काही सुचेनासं झालं.

मी चॅनेलच्या क्रिएटिव्ह मुलीकडे गेले. माझ्या मुलीपेक्षा दहा वर्षांनी लहान, स्वभावाने गोड. सगळं ऐकून घेतलं, माझा हात हातात घेतला, आणि म्हणाली, मॅम, चेहरा एस्टॅब्लिश हो गया है, आता बदलला तर ऑडियन्स विचारेल. मी म्हटलं, निदान हार काढा. ती म्हणाली, हार काढला तर लोकांना वाटेल तो जिवंत आहे. मी म्हणाले, तो जिवंतच आहे. तिला वाईट वाटलं होतं, पण तिच्या हातात काही नव्हतं, हे मलाही दिसत होतं.

मग मी माझ्यापुरता उपाय शोधला. पॅकअप झालं की मी स्टुलावर चढून स्वतः हार उतरवायची आणि सकाळी शॉटच्या आधी दादा तो परत चढवायचे. वय पासष्ट, अंगावर नऊवारी, आणि मी स्टुलावर. मेकअपवाले बघायचे, कुणी हसत नव्हतं. हे मी दोन महिने केलं. एके दिवशी दुपारी घरून फोन आला की ह्यांना धाप लागलीय, शेजारच्या काकी त्यांना घेऊन हॉस्पिटलला निघाल्यात. अंगावर होती त्या साडीत मी रिक्षात बसले. हॉस्पिटलच्या दाराशी आठवलं की हार वर राहिला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. मला माहीत आहे. पण हे मी स्वतःला जितक्या वेळा सांगितलं तितक्या वेळा संबंध नसलेली गोष्ट सांगावी लागत नाही.

त्या वेळी हे आठ दिवसांनी घरी आले, सोबत ऑक्सिजनचं मशीन. नाकात नळी, आणि मशीनची घरघर चोवीस तास. मी ठरवलं की आता बास, काम सोडते नाहीतर फोटो उतरवायला लावते. तसं ह्यांना सांगितलं. वाटलं होतं बरं वाटेल त्यांना.

ते म्हणाले, नको.

मी विचारलं, का नको? तुमच्या बहिणीला पटत नाही, काकींना पटत नाही, मला आता तिकडे बघवत नाही. तुम्हाला काय एवढं त्या भिंतीवर बसायचं?

त्यांना एका दमात फार बोलता येत नव्हतं, म्हणून ते आधी वाक्य मनात लावून घेत. मग म्हणाले, "तिथे तू माझ्याशी बोलतेस गं."

मला राग आला. आजारी माणसावर रागवू नये म्हणतात, मी रागावले. मी म्हणाले, ती वाक्यं माझी नाहीत, ती एक पंचविशीतली पोरगी लिहिते, तिचं लग्नसुद्धा झालेलं नाही, ती तुम्हाला ओळखत नाही. मी फक्त बोलते. तुम्हाला एवढंही कळत नाही का? ते म्हणाले, कळतं. तरी आवाज तुझा असतो. आणि बघतेस माझ्याकडे.

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि कुकर लावला. त्या वेळी मी परत बाहेर येऊन त्यांच्याजवळ बसायला हवं होतं. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत मी ओट्याशी उभी राहिले.

फोटो शेवटी उतरला, पण माझ्या सांगण्याने नव्हे. मालिका घसरायला लागली होती, लोक कंटाळले होते, तेव्हा वरून फर्मान आलं की मेलेला नवरा जिवंत परत आणा. अपघातात सापडला होता, स्मृती गेली होती, वगैरे. त्यासाठी एक नट घेतला, रुबाबदार, रंगवलेल्या मिश्यांचा. एका सकाळी मी सेटवर गेले तर भिंतीवर त्याचा फोटो होता, चार वर्षं तोच असल्यासारखा. चेहरा एस्टॅब्लिश झाला होता म्हणे. प्रेक्षकांनी एका शब्दाने विचारलं नाही. लाखो माणसं रोज ज्या चेहऱ्याकडे बघत होती, तो बदलला हे एकट्या आमच्या कोळणीच्या लक्षात आलं. तिने मला दारात विचारलं, की दादांला का काढलाव?

पण त्या सकाळी मला आनंद झाला होता, हे लपवत नाही. आर्टच्या दादांनी ह्यांचा फोटो फ्रेमसकट वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. मी तो मांडीवर घेऊन रिक्षाने घरी आले. हार नाही, काही नाही, ह्यांचा साधा कोट घातलेला फोटो. मला वाटलं मी त्यांना सोडवून आणलं. दार उघडल्या उघडल्या सांगितलं, सुटलो बाई, आणला एकदाचा घरी.

ह्यांनी कागद सोडवून फोटो बघितला. कोण आलाय माझ्या जागी, असं विचारलं. मी नटाचं नाव सांगितलं. चांगला नट आहे, म्हणाले. मग मला कपाटातली फाइल काढायला लावली, त्यातली ती झेरॉक्स काढली, तिच्यावर तारीख घालून 'रद्द' असं लिहिलं आणि परत जागेवर लावली. अक्षर सरळ होतं.

त्या दिवसापासून त्यांनी मालिका बघायची सोडली. साडेसात वाजायचे आणि टीव्ही बंदच. मी लवकर घरी असले तर आम्ही दोघं समोरासमोर बसायचो आणि मध्ये मशीनची घरघर. मला फोटोशी बोलायचे सीनही उरले नव्हते. आता नवरा समोर उभा होता म्हणून माझ्या पात्राला त्याच्यावर संशय घ्यायचा होता, दारं आपटायची होती. बोलण्यासारखं आता ना सेटवर होतं, ना घरी. तो फोटो आम्ही पलंगाखाली ठेवला होता. भिंतीला लावायची हिंमत माझ्यात नव्हती.

पाच महिन्यांनी हे गेले. घरीच, सकाळी, चहा व्हायच्या आधी. मुलगी आली होती, नणंद आली. काकींनी सगळ्यांचं जेवण केलं. तेराव्याला पाटावर ठेवायला फोटो हवा होता. मुलीने पलंगाखालून तोच काढला, कारण एवढा मोठा दुसरा नव्हता. फुलवाल्याकडून आणलेला हार तिने माझ्या हातात दिला. माझ्याने तो घातला गेला नाही. माझ्या हातून तो हार घेतला नणंदेने, आणि घातला. ती मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

चौदाव्या दिवशी मी कामावर गेले. गेले म्हणजे गेले, त्याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. सेटवर सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलत होते. मालिकेत तेव्हा माझ्या नवऱ्याची स्मृती परत आली होती आणि घरात पेढे वाटायचा सीन होता. तो मी केला. एका टेकमध्ये ओके झाला.

लोक भेटायला यायचे तेव्हा विचारायचे, शेवटी काही बोलले का? बोलले असं मी कुणाला सांगितलं नाही. ते जायच्या तीन आठवडे आधीची एक दुपार आहे. आजवर ती मी माझ्यापाशीच ठेवली होती.

मला त्या दिवशी सुट्टी होती. मी त्यांना पेज भरवली, उशी नीट केली, आणि वर्तमानपत्र घेऊन पलंगाच्या कडेला बसले. ते म्हणाले, एकदा म्हण ना ते. मी विचारलं, काय? ते म्हणाले, ते लग्नाच्या वाढदिवसाचं. मला वाटलं आमच्याच लग्नाच्या वाढदिवसाला मी कधी काही म्हणाले होते की काय. मग कळलं, मालिकेतलं.

मी आठवून बघितलं. खरंच बघितलं. त्या दिवशीची साडी आठवली, लाइटचा ताप आठवला, कोपऱ्यात कुणीतरी शिंकलं म्हणून दुसरा टेक झाला तेही आठवलं. शब्द एकही आठवेना. स्वतःचं काहीतरी बोलावं तर तोंडात काही येईना. आयुष्यभर ज्या बाईचं शेकडो नवऱ्यांच्या उशाशी बसून बोलून झालं होतं, ती स्वतःच्या नवऱ्याच्या उशाशी वर्तमानपत्राची घडी करत बसली होती. मी त्यांना म्हणाले, अहो, मला आठवत नाहीये.

त्यांना आठवत होतं. डोळे मिटून त्यांनी सांगायला सुरुवात केली. एका श्वासात एक वाक्य, मग थांबायचं.

"अहो, आज आपल्या लग्नाचा वाढदिवस."

मी म्हणाले, "अहो, आज आपल्या लग्नाचा वाढदिवस."

"तुम्ही असता तर विसरला असता."

"तुम्ही असता तर विसरला असता."

"मी दिवसभर तोंड फुगवून बसले असते. मग तुम्ही उगाच दारातल्या चपलांवरून वाद काढला असता, मी बोलावं म्हणून."

हे वाक्य लांब होतं. त्यांना मध्ये दोनदा थांबावं लागलं. मी त्यांचा हात धरला आणि ते वाक्यही मी म्हणाले, शब्दाला शब्द. सांगत ते होते, म्हणत मी होते. त्यांच्या उशाशी बसून मी त्यांच्याकडून ऐकत होते की मला त्यांच्याविषयी काय वाटतं.

"आता दारात चपला नीट लागलेल्या असतात."

"आता दारात चपला नीट लागलेल्या असतात."

"या. भांडायला तरी या."

"या," मी म्हणाले. "भांडायला तरी या."

ते थांबले. मला वाटलं दम लागलाय, म्हणून मी वाट बघितली. मशीन घरघरत होतं. त्यांनी डोळे उघडले नाहीत तेव्हा मी विचारलं, "पुढे काय आहे?"

"पुढे वाक्य नाही," ते म्हणाले. "पुढे तू रडतेस."